बेवारस दगडांची बाग : जबलपुरातील पुढच्या अंगणाचा इतिहास

घरासमोरची मोकळी जागा रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या नजरेस पडावी आणि तिने घरधन्याच्या रसिकतेची साक्ष द्यावी, अशा हेतूने पुढचे अंगण सजवण्याची रीत मध्य भारतात दीडदोनशे वर्षांपेक्षा फारशी जुनी नाही. बुंदेलखंड आणि महाकोशल या भागांतील जुने घर, ज्याला तिकडे ‘बाखर’ म्हणतात, ते चारी बाजूंनी खोल्या आणि मध्ये अंगण अशा बेताचे असे. महाराष्ट्रातील वाड्याची रचनाही चौकाभोवतीच फिरे. या दोन्ही घरांची रस्त्याकडची बाजू म्हणजे बहुतेक बंद भिंत, एक भक्कम दरवाजा आणि फार तर बसण्यापुरता ओटा. बाहेरची सजावट उंबरठ्यापाशी सुरू होई आणि तिथेच संपे. मराठी घरात ती शिरगोळ्याच्या, म्हणजे मऊ पांढरा दगड कुटून केलेल्या पुडीच्या, रांगोळीची असे; मंडला भागातील गोंड घरांत शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि भिंतीवर पांढरी छुई माती व गेरू यांच्या पट्ट्यांनी ‘ढिगना’ काढला जाई. दोहोंनाही खर्च जवळजवळ नव्हता आणि दोन्ही पुसून पुन्हा काढायच्या होत्या. बंगला या इमारतीने हा क्रम उलटा केला. घर जमिनीच्या मध्यभागी गेले, अंगण त्याच्या बाहेर आले, फाटकापासून पडवीपर्यंत वाट आली आणि त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना टिकाऊ असे काहीतरी मांडण्याची गरज प्रथमच उत्पन्न झाली. जबलपुरात हा बदल छावणी आणि सिव्हिल लाइन्स येथे सुरू होऊन पुढे नेपिअर टाउन व राइट टाउन या वस्त्यांत मध्यमवर्गापर्यंत पोहोचला. बेताच्या पगारात ही जागा कशाने भरायची, या प्रश्नाला या शहराने दिलेले उत्तर त्याच्या भूगोलाइतकेच त्याच्या राजकीय इतिहासातून आलेले आहे : ज्या वस्तूला त्या त्या काळी कोणी वाली उरला नव्हता, ती वस्तू अंगणात आली.

भूगोलाने दिलेले भांडवल आधी पाहणे सोयीचे. जबलपूरच्या नैर्ऋत्येस मदनमहालच्या टेकड्यांवर ग्रॅनाइटचे गोलसर, झिजलेले धोंडे एकमेकांवर तोलून राहिलेले दिसतात. भेडाघाटला नर्मदेने ज्या पांढऱ्या खडकातून घळ कोरली आहे तो डोलोमाइटी संगमरवर, म्हणजे ज्यात चुन्याबरोबर मॅग्नेशियमचेही प्रमाण मोठे आहे असा स्फटिकमय खडक आहे. त्याच परिसरात नखाने ओरखडा उठेल इतका मऊ असा संगजिरे हा दगडही मिळतो. यांखेरीज सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या दख्खनी लाव्ह्याचे थर या भागापर्यंत आलेले आहेत. लाव्हा थिजताना त्यात राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये सिलिका हळूहळू साचून अकीक तयार होतो. खडक झिजला की हे पट्टेदार खडे सुटे होतात आणि नदीच्या पात्रात गोटे बनून पडतात. अकिकाला पैलू पाडून आणि झिलई देऊन छोट्या शोभेच्या वस्तू करण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात जबलपुरात चालत असे आणि त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः युरोपीय होते. झिलई न केलेला खडा मात्र ज्याने वाकून उचलला त्याचा.

परंतु जबलपूरच्या अंगणांचा खरा वेगळेपणा नैसर्गिक दगडात नसून घडवलेल्या दगडात आहे. शहराच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर असलेले तेवर हे गाव म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी होय. अकराव्या शतकातील कर्ण या पराक्रमी राजाच्या नावाशी जोडलेली करणबेल ही त्रिपुरीलगतची वस्ती एके काळी देवळे, महाल आणि तटबंदी यांनी भरलेली होती. बाराव्या शतकानंतर या घराण्याची सत्ता ओसरली, गोंडांची गढा-मंडला राजवट उभी राहिली आणि त्रिपुरीचे दगड हे एका मोठ्या, कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या खाणीसारखे झाले. घराच्या पायाला, विहिरीच्या कठड्याला, गोठ्याच्या उंबऱ्याला हवा तसा घडीव चिरा तेथून आणावा, यात गावकऱ्यांना वावगे वाटण्याचे कारण नव्हते. मूर्तींची गोष्ट वेगळी होती. भंगलेल्या देवप्रतिमा झाडाखाली किंवा ओट्यावर गोळा करून त्यांना शेंदूर लावायचा आणि त्या समूहाला खेरमाई, म्हणजे गावाची राखणदार माता, म्हणून पुजायचे, अशी त्या प्रदेशाची रीत आहे. शास्त्राने खंडित मूर्तीची पूजा निषिद्ध मानली असली तरी लोकांनी ती चालू ठेवली, आणि त्यामुळे कलचुरी शिल्पांपैकी बरीचशी, सजावटीसाठी नव्हे तर भक्तीमुळे, उघड्यावरच पण जपली गेली. जबलपूर परिसरातील पहिले सार्वजनिक शिल्पसंग्रह हे पार आणि ओटेच आहेत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

लोहमार्गाने हा संथ व्यवहार मोडला. ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबादकडून येणारी शाखा १८६७ मध्ये जबलपूरला पोहोचली, मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे तिला येथे येऊन मिळाली, आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग खुला झाला. पूल, मोऱ्या आणि स्थानके यांसाठी घडीव दगड हवा होता, आणि तो करणबेलला फुकट पडलेला होता. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ ते १८७५ या काळात मध्य प्रांतांचा दौरा केला. १८७९ मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात करणबेलच्या अवशेषांची रेल्वेच्या ठेकेदाराने केलेली वाताहत नोंदलेली आहे. दगडाचा हा प्रवास केवळ पुलांपर्यंतच थांबला नाही. भेडाघाटचा अल्हणादेवीचा शिलालेख, ज्यात गयाकर्ण राजाच्या या विधवा राणीने कलचुरी संवत ९०७ मध्ये, म्हणजे इ. स. ११५५ मध्ये, शिवमंदिर बांधल्याचा वृत्तान्त आहे, तो फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला दिला आणि तो शिलाखंड न्यू हेवनला जाऊन पोहोचला. हॉल हे सागर-नर्मदा प्रदेशात शिक्षणखात्यात अधिकारी होते आणि शिलालेख वाचून प्रसिद्ध करण्याचे काम त्यांनी मन लावून केले, हे खरे. पण राणीचा दगड एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कोणाची परवानगी लागत नव्हती, हेही तितकेच खरे. जिथे शिलालेख जाऊ शकत होता तिथे एखादी खांबाची बैठक, आमलकाचा, म्हणजे शिखरावरील आवळ्याच्या आकाराच्या चक्राचा, तुकडा किंवा द्वारशाखेचा वेलबुट्टीचा पट्टा बंगल्याच्या आवारात जाऊन पडायला काहीच अडचण नव्हती.

इथे मराठी माणसाचा प्रश्न येतो, कारण या शहरात तो केवळ पाहुणा नव्हता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचा शेवटचा गोंड राजा नरहरशाह याला पदच्युत करून हा मुलूख घेतला, १७९८ मध्ये पेशव्यांनी तो नागपूरकर भोसल्यांकडे सोपवला आणि १८१७ च्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती पडला. मराठी सत्ता गेली तरी मराठी माणसे राहिली, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांतांची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झाल्यावर त्यांच्यात नव्याने भर पडली; कारकून, वकील, शिक्षक आणि रेल्वेचे नोकर नागपूर-जबलपूर अशी ये-जा करू लागले आणि हा संबंध १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत सरकारी पातळीवर अखंड राहिला. या कुटुंबांना दगडाचे मूल्य कळत होते, पण ते वेगळ्या मोजपट्टीने. स्मार्त घराच्या पंचायतन पूजेत पाच देवता मूर्तींच्या नव्हे तर नैसर्गिक पाषाणांच्या रूपाने मांडल्या जातात : विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबडा शोणभद्र, सूर्यासाठी स्फटिक आणि देवीसाठी धातूची चमक असलेला खडा. पुण्याच्या किंवा वाईच्या घरात यांतील प्रत्येक पाषाण दूरच्या यात्रेची आठवण असे. जबलपूरच्या घराला नर्मदा ग्वारीघाटावर हाताशी होती आणि शोणही नर्मदेप्रमाणेच अमरकंटकच्या डोंगराळ प्रदेशातून उगम पावते. नर्मदेतला कंकर तो शंकर, ही श्रद्धा आणि बाणाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही हा शास्त्राचा निर्णय यांमुळे दगड विकत घेण्याची, मूर्तिकाराला मोबदला देण्याची किंवा विधीचा खर्च करण्याची गरज नव्हती. त्यातही निवड होतीच. निबंधग्रंथांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या संकलनग्रंथांनी, बाणाची लक्षणे सांगितली आहेत. खरखरीत, टवका उडालेला किंवा भेग पडलेला गोटा पूजेस वर्ज्य ठरतो. देव्हाऱ्यात न बसणारे असे गोटे तुळशीवृंदावनाच्या पायाशी मांडायला किंवा आळ्याच्या कडेला लावायला मोकळे होते.

याच्या उलट, तेवरची भंगलेली मूर्ती मराठी घराने अंगणात शोभेसाठी मांडणे जवळजवळ अशक्य होते. खंडित देव घरात ठेवू नये, तो वाहत्या पाण्यात सोडावा, हा संस्कार इतका खोल होता की ती वस्तू फुकट मिळत असूनही घेतली जात नसे. साहेबाच्या मनाला असा अटकाव नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने तो देव नव्हता. आणि इंग्लंडमधील बागांत पडक्या अवशेषांची मांडणी ही सुसंस्कृत अभिरुचीची खूण मानली जात होती, त्यामुळे हातपाय तुटलेली यक्षी त्याला अधिकच शोभिवंत वाटली असल्यास नवल नाही. स्वस्ताई ही केवळ पैशाने ठरत नाही, हे या दोन अंगणांतील फरकावरून जितके स्पष्ट होते तितके कुठल्याही हिशेबाच्या वहीवरून होणार नाही.

छावणीतील अधिकाऱ्यांच्या छंदाने एक अनपेक्षित लाभही झाला. विल्यम स्लीमन हे नाव ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध आहे. परंतु १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीच्या परिसरात अश्मीभूत लाकूड, म्हणजे ज्याच्या तंतूंची जागा खनिजांनी घेऊन जे दगड झाले आहे असे लाकूड, शोधत असताना त्यांना काही मोठी हाडे सापडली. ती स्पिल्सबरी या लष्करी शल्यचिकित्सकामार्फत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली आणि रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस या नव्या डायनोसॉरचे वर्णन केले. भारतातील डायनोसॉरच्या अवशेषांचा हा सर्वांत जुना शोध, आणि त्याच्या मुळाशी चित्रविचित्र दगड गोळा करण्याची हौस आहे. त्या काळी युरोपीय घरांत अशा वस्तूंसाठी कपाट असे आणि बागेत ‘रॉकरी’, म्हणजे ओबडधोबड दगड रचून त्यांच्या फटींत नेचे आणि रानफुले लावण्याची कृत्रिम टेकडी. लायडेकरांना त्या मणक्यांत जे दिसले ते इतर कोणाला दिसले नसते, तर तेही बहुधा एखाद्या रॉकरीतच दबून गेले असते.

झाडांची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती सर्व छावण्यांत सारखीच होती. कलकत्त्यात १८२० मध्ये विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी परदेशी बियाणे आणि रोपे यांचा प्रसार करीत होती. बदलीच्या नोकरीमुळे जमिनीतल्या झाडांपेक्षा कुंडीतली झाडे सोयीची ठरली. एका साहेबाने जाताना कुंड्या विकायच्या आणि नव्याने आलेल्याने त्या घ्यायच्या, असा व्यवहार चाले. कुंभाराची मातीची कुंडी स्वस्त होती, पण तिच्याहून स्वस्त वस्तू विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघर आली ती म्हणजे रॉकेलचा चौकोनी डबा. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा हा पत्र्याचा डबा रिकामा झाला की पाणी भरण्यापासून छप्पर शाकारण्यापर्यंत सर्वत्र वापरला जाई; तळाला भोके पाडून आणि बाहेरून गेरूचा हात देऊन त्यात झेंडू, गुलबक्षी किंवा क्रोटन लावणे हे मध्यमवर्गी अंगणाचे ठरलेले दृश्य बनले.

जबलपूरला इतर शहरांपेक्षा जास्त मिळाले ते चिनी मातीच्या कारखान्यांमुळे. या भागात उष्णता सोसणारी चांगली माती असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे बर्न आणि कंपनीचा व नंतर परफेक्ट पॉटरीचा असे कारखाने उभे राहिले. सांडपाण्याचे नळ, कौले, विटा आणि बरण्या हा त्यांचा माल. या मालाला जी तपकिरी चकाकी असते ती रंगाने आलेली नसते. भट्टी १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की तिच्यात मीठ टाकतात, मिठाची वाफ होऊन तिच्यातील सोडियम मातीतील सिलिकेशी संयोग पावते आणि भांड्याच्या पृष्ठभागावरच काचेचा पातळ थर तयार होतो. अशा भाजणीत प्रत्येक वेळी काही नग वाकतात, तडकतात किंवा त्यांच्या अंगावर फोड येतात. पाणी वाहून नेण्यास निरुपयोगी झालेला नळ उभा पुरला की कुंडी होते, अर्धा चिरला की आळ्याचा काठ होतो. गळकी बरणी अंगणाच्या कोपऱ्यात उलटी ठेवली की बसायचे आसन होते. या नगांना ना पाणी बाधते ना वाळवी, त्यामुळे कुंभाराच्या कुंडीला चार पावसाळे जड जातात तिथे हा टाकाऊ नळ माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो. जबलपूरच्या अंगणाला स्वतःची अशी एखादी वस्तू असेल तर ती हीच म्हणावी लागेल. भेडाघाटचा संगमरवर सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो प्रवाशांनी घरी न्यायच्या मूर्तींत आणि दिव्यांत अधिक दिसतो. शहराच्या जुन्या आवारांना रंग दिला आहे तो या मिठाच्या तपकिरी झिलईने.

दरम्यान त्रिपुरीच्या दगडांची किंमत बदलत होती, आणि ती बदलण्यात कायद्याचा व विद्वत्तेचा वाटा सारखाच होता. १८७८ च्या गुप्तनिधी कायद्याने जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. कर्झन यांच्या काळातील १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने शिल्पे आणि कोरीव दगड हलवण्यावर नियंत्रण घालण्याचा अधिकार सरकारला दिला. राखालदास बॅनर्जी यांचा त्रिपुरीच्या हैहयांवरील, म्हणजेच कलचुरींवरील, आणि त्यांच्या वास्तूंवरील ग्रंथ १९३१ मध्ये आला. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन तिलवाराघाटानजीक भरले तेव्हा त्याला त्रिपुरीचेच नाव दिले गेले आणि विस्मृतीत गेलेली राजधानी अचानक वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आली. शहरातली कमानिया गेट ही त्या अधिवेशनाचीच खूण आहे. पुढचे काम दोन मराठी संशोधकांनी केले. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे तेवरला शास्त्रशुद्ध उत्खनन करून १९५५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा कलचुरी-चेदी संवताच्या शिलालेखांचा खंड बाहेर पडला. जो चिरा विहिरीच्या कठड्याला लावला जात होता तो आता वाचायचा, मोजायचा आणि छायाचित्रित करायचा पुरावा झाला. १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाल्यावर शंभर वर्षांहून जुने दगडी शिल्प खासगी मालकीत असल्यास त्याची नोंदणी करणे आवश्यक ठरले, आणि कलचुरी दगड हा सजावटीच्या स्वस्त सामानातून कायमचा वजा झाला. नागपूरचा अजबबंगला आणि जबलपूरचे राणी दुर्गावती संग्रहालय यांच्या दालनांत त्याची जागा पक्की झाली; तेवरच्या झाडाखालच्या खेरमाईची पूजा मात्र चालूच राहिली.

त्याच १९७६ साली चंडीगढमध्ये नेकचंद यांची रॉक गार्डन लोकांसाठी खुली झाली. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांची देखरेख करणाऱ्या या माणसाने १९५७ पासून जवळजवळ वीस वर्षे, बहुतांश गुपचूप, फुटक्या कपबश्या, तुटकी स्वच्छतापात्रे, बांगड्यांचे तुकडे आणि नदीतले गोटे यांतून माणसे, प्राणी आणि वाटा उभ्या केल्या होत्या. ही जागा सरकारी होती आणि ती मोडून टाकावी की जपावी यावर वाद झाला. जपण्याचा पक्ष जिंकला. प्राचीन दगड अंगणाबाहेर गेला त्याच सुमारास फुटक्या चिनीमातीला कलेचा दर्जा मिळावा, हा योगायोगच. जबलपूरच्या कारागिरांना मात्र त्यात नवे काही शिकण्यासारखे नव्हते, कारण सिमेंटच्या ओल्या थरात बशांचे तुकडे बसवून ओट्याची किंवा वृंदावनाची नक्षी करणे हा देशभरच्या गवंड्यांचा जुना हातखंडा होता. रॉक गार्डनने त्या कामाला फक्त प्रतिष्ठा दिली.

२२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने जबलपूरमधील मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या जुन्या घरांचे मोठे नुकसान केले. अशी घरे उतरवली जातात तेव्हा सागवानी चौकटी, गजाच्या खिडक्या, ओतीव लोखंडाचे कठडे आणि कौले मोडीत निघतात. गुरंदीसारख्या जुन्या सामानाच्या बाजारात ती वजनावर विकली जातात आणि ज्याला त्यांत वेलीचा मांडव किंवा कुंड्यांची मांडणी दिसते तो ती घेऊन जातो. बंगला हाच आता अवशेष झाला आहे. भेडाघाटचे मूर्तिकार संगजिऱ्याचे दिवे, हत्ती आणि छोटी पिंड कोरतात, पण मऊ दगड उघड्यावर लवकर झिजतो, म्हणून अंगणासाठी सिमेंटचे साच्यातले वृंदावन आणि गोण्यांनी मिळणारी पांढरी खडी यांना मागणी अधिक आहे. ही खडी म्हणजे संगमरवर आणि डोलोमाइट फोडताना उरणारा चुरा. पायवाटेच्या कडेला आणि कुंड्यांच्या तोंडाशी तो पसरतात, पाऊस झाला की धुऊन निघतो, आणि दोनचार वर्षांत शेवाळ धरून काळवंडला की वरून आणखी एक गोणी ओततात.